भाड्याने राहतोय तेच घर दोन वर्षांनी विकत? मालकांचा प्रस्ताव आणि एजंटचे दोन टक्के

पिंपळपार :
नमस्कार मंडळी,

पुण्यात ज्या टू बीएचकेमध्ये आम्ही भाड्याने राहतो, तो फ्लॅट मालकांना काढायचा आहे. मालक वयस्कर आहेत, मुलाकडे बंगळुरूला स्थायिक झालेत. माणूस सज्जन, डिपॉझिटवरून किंवा भिंतीतल्या खिळ्यांवरून आजवर कधी कटकट नाही. आम्हालाही घर पसंत आहे, मुलीची शाळा पायी अंतरावर. अडचण एकच, डाउन पेमेंटची जुळणी आत्ता होत नाही.

त्यावर त्यांनीच तोडगा सुचवलाय. किंमत आजच ८२ लाख ठरवून टाकायची, खरेदी दोन वर्षांच्या आत करायची. आत्ता ३ लाख द्यायचे. खरेदी झाली तर ते किमतीत वळते, नाही झाली तर त्यांचे. भाडं सध्या २४ हजार आहे आणि बिल्डिंगमध्ये हाच दर चालतो. ते ३४ हजार करायचं आणि त्यातले निम्मे, म्हणजे १७ हजार, दरमहा किमतीपोटी जमा धरायचे. हे सगळं ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून.

आता एजंटची गोष्ट. घर भाड्याने मिळवून दिलं तेव्हा त्याने एक महिन्याचं भाडं घेतलं, रिन्यूअलला अर्धं. आता म्हणतो, ८२ लाखांवर २ टक्के, वर जीएसटी. निम्मे हा करार होताना, निम्मे रजिस्ट्रेशनच्या दिवशी. मालकांकडूनही घेणार आहेच. "पार्टी मीच आणली होती ना" हे पालुपद चालू आहे. खरं तर प्रस्ताव मालकांनी मला थेट फोनवर सांगितला, हा नंतर उगवला.

तर एक, असा व्यवहार कुणी केलाय का? आणि दोन, एजंटला पुन्हा दलाली द्यायची का, द्यायची तर किती?

वाचनमात्र :
बसलो. चहा घेऊन आलो.

सदाफुली :
अजिबात देऊ नका! एका गिऱ्हाईकावर माणसाने किती वेळा कमवायचं? भाड्याची दलाली घेतली, रिन्यूअलची घेतली (तेव्हा नेमकं केलं काय, ते विचारा एकदा), आता विक्रीची. घर तुम्हाला माहीत, मालक तुम्हाला माहीत. दाखवायला काही उरलंच नाही.

मुळशीकर_मोहन :
८२ लाखांत टू बीएचके आणि शाळा पायी अंतरावर? कुठला भाग हो? व्यनि केलाय.

एसआयपी_भक्त :
घर घेऊच नका. २४ हजारांत ८२ लाखांचं घर वापरायला मिळतंय म्हणजे मालकाला साडेतीन टक्के सुटतायत. त्याला सुटू देत. तुम्ही दर महिन्याला एसआयपी करा.

सदाफुली :
आले हे. दर घराच्या धाग्यावर येतात.

तिसरा_मजला :
प्रश्न दलालीचा असला तरी मी आधी पहिल्या प्रश्नावर लिहितो, कारण आमच्या मावसभावाने नेमका असाच व्यवहार केला होता. कागद साधा, शब्द पक्का. पहिले सहा महिने छान गेले. मग बाथरूममधून खालच्या फ्लॅटच्या छताला ओल उतरली. खालच्या काकू रोज फोटो पाठवायच्या, आज डाग ताटाएवढा, उद्या परातीएवढा. टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग करायचं म्हणजे लाखाच्या घरात खर्च. भाऊ मालकाला म्हणतो, मी भाडेकरू, दुरुस्ती तुमची. मालक म्हणतो, अहो घर आता तुमचंच ना, तुम्हीच करून घ्या. भाऊ म्हणतो, माझंच असेल तर भाडं कशाचं घेता? शेवटी निम्मे-निम्मे केले, पण पुढे बोलणंच बंद झालं. खरेदी झाली नाही, आगाऊ दिलेले गेले.

या दोन वर्षांत मेंटेनन्स, मालमत्ता कर, मोठी दुरुस्ती आणि सोसायटीने लिफ्टसाठी काढलेली वर्गणी कुणी भरायची, हे आधी विचारा. मालक सज्जन आहेत म्हणून गप्प बसू नका. सज्जन माणसाशीच भांडायला जास्त अवघड जातं.

आकडेमोड :
पिंपळपार, त्याच बिल्डिंगमध्ये तेवढ्याच क्षेत्रफळाचा फ्लॅट अलीकडे कितीला गेलाय?

पिंपळपार :
@आकडेमोड : दुसऱ्या विंगमध्ये ७६ लाखांना गेला, गेल्या दिवाळीच्या सुमारास. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, काढून पाहिलंय.

@तिसरा_मजला : बापरे. दुरुस्तीबद्दल कागदात एक ओळही नाही.

@मुळशीकर_मोहन : व्यनिला उत्तर देत नाही, रागावू नका.

आकडेमोड :
मग हा हिशेब बघा.

१७ हजार गुणिले २४ महिने, म्हणजे ४ लाख ८ हजार "जमा" होणार. ऐकायला गोड वाटतं. पण बाजारभावापेक्षा तुम्ही दरमहा १० हजार जास्त भरताय, म्हणजे २ लाख ४० हजार तुमचेच पैसे तुमच्याच नावावर जमा. मालकांनी स्वतःच्या खिशातून सोडले फक्त १ लाख ६८ हजार. आणि किंमत ७६ च्या जागी ८२. सहा लाख चढवून पावणेदोन लाख सोडले.

खरेदी नाही झाली, तर ३ लाख अधिक हे २ लाख ४०, असे ५ लाख ४० हजार पाण्यात. दोन वर्षांनी ठरलेल्या भावात घर घेण्याचा हक्क तुम्ही एवढ्याला विकत घेताय. महाग आहे की स्वस्त, ते पुढच्या प्रश्नावर ठरेल : दोन वर्षांनी तुमच्याकडे पैसे असतील का?

ओसरी :
आकडेमोड, तुमचा हिशेब एकतर्फी वाटतो. भाव वर्षाला ५ टक्के वाढला तर ७६ चे दोन वर्षांत पावणेचौऱ्याऐंशी होतात. मालक आज ८२ ला बांधून घेतायत आणि दोन वर्षं त्यांना दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही. त्याची काही किंमत नको? भाव पडला तर खरेदीदार हात झटकून निघून जाऊ शकतो, मालक मात्र अडकलेलाच. त्या वयात पैसा अडकवून ठेवणं सोपं नसतं. मला तरी प्रस्ताव लुटारू वाटत नाही.

आकडेमोड :
मान्य, वाढला तर. गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्यात असेही पट्टे आहेत जिथे रिसेलचा भाव पाच-पाच वर्षं हललेला नाही. आणि "मालक अडकलेला" म्हणताय, तर नोटरी केलेल्या कागदाने तो किती अडकतो, हे कुणीतरी वकिलाने सांगा.

कागदी_घोडा :
बोलावलंत म्हणून आलो. दिवाणी वकिली करतो. हे सर्वसाधारण मत समजा, कागद बघितल्याशिवाय सल्ला नाही.

नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढ्यापुरता साक्षीदार. नोटरीमुळे कागद नोंदणीकृत होत नाही. मुळात विक्रीचा करार, नोंदलेला असला तरी, स्वतः मालकी देत नाही; संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्येच तसं स्पष्ट आहे. तो फक्त "खरेदीखत करून द्या" असं कोर्टात मागायचा हक्क देतो. ताबा राखण्यासाठी त्या करारावर विसंबायचं असेल, तर २००१ पासून तो नोंदलेला असावा लागतो. म्हणजे हवं ते नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार).

आता मेख इथे आहे. महाराष्ट्रात विक्रीच्या कराराबरोबर, त्याआधी किंवा नंतर ताबा दिला, तर मुद्रांक शुल्कापुरता तो करार खरेदीखतच धरला जातो. "पण मी तर आधीपासून भाडेकरू म्हणून राहतोय, ताबा कराराने आलाच नाही" हा युक्तिवाद महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळला गेला. भाडेकरूने राहत्या घराचा करार केला तरी पूर्ण मुद्रांक. तुमच्या ५०० च्या स्टॅम्पवरच्या कागदावर उद्या दावा लावायची वेळ आली, तर कोर्ट आधी तो जप्त करून कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरायला लावेल, मग पुढचं.

पुण्यात ७ टक्के धरा, म्हणजे ८२ लाखांवर ५ लाख ७४ हजार. वर नोंदणी फी ३० हजार. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलंत तर शुल्कात एक टक्का सूट आहे. पण ही रक्कम दोन वर्षांनी नाही, साठेखताच्या दिवशी भरायची. ज्याच्याकडे डाउन पेमेंट नाही म्हणून हा सगळा घाट घातला, त्यानेच पहिल्या दिवशी सहा लाख बाहेर काढायचे. आपल्याकडे ही "आधी भाडं, मग खरेदी" पद्धत रुजली नाही, त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच आहे.

सदाफुली :
काका, मग एजंटचं काय? मूळ प्रश्न तो आहे!

कागदी_घोडा :
कायद्यात दलालीचा दर ठरलेला नाही. जे ठरलं असेल ते. काहीच ठरलं नसेल, तर करार कायद्याचं कलम २१९ : काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचं मानधन देय होत नाही. विक्रीचं काम पूर्ण कधी? खरेदी झाल्यावर. "निम्मे आत्ता" हे त्याने मागायला हरकत नाही, पण तुम्ही कबूल केल्याशिवाय तो हक्क नाही. भाड्याने घर घेताना त्याने काही लिहून घेतलं होतं का, ते तपासा. व्हॉट्सअॅपवरचा "ओके" सुद्धा शोधा.

एजंट_पण_माणूसच :
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी याच धंद्यात आहे, पुण्यातच.

सदाफुली ताई, तुम्हाला दिसतो तो फोन फिरवणारा माणूस. एका भाडेकरूला घर दाखवायला चाव्या गोळा करायच्या, वॉचमनला सांभाळायचं, "पाणी किती वेळ येतं" याचं खरं उत्तर द्यायचं, बॅचलर चालतील का म्हणून चेअरमनपुढे उभं राहायचं. दहा पार्ट्या फिरवाव्या तेव्हा एक बसते. नऊंचं पेट्रोल कोण देतं? रजिस्ट्रेशनच्या दिवशी सर्व्हर डाउन, मालकाचा अंगठा मशिन घेत नाही, साक्षीदार जेवायला गेलेला. हे सगळं आम्हीच निस्तरतो.

दर विचाराल तर भाड्याला साधारण एक महिना, विक्रीला प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के, बोलणी होतात. पण पिंपळपार यांच्या केसमध्ये निम्मे आधी मागणं मलाही पटत नाही. दोन वर्षांनी होईल न होईल अशा व्यवहाराची दलाली आधी घेतली, आणि मोडला तर परत देणार का? मी त्याच्या जागी असतो तर एक टक्का मागितला असता, खरेदीच्या दिवशी, आणि सर्च रिपोर्टपासून सोसायटीच्या एनओसीपर्यंत सगळं धावपळीचं काम माझ्याकडे. मात्र मला वगळून तुम्ही दोघांनी गुपचूप उरकलंत, तर तेही बरोबर नाही. ओळख आम्हीच करून दिली होती.

सदाफुली :
ओळख करून दिल्याचे पैसे मिळालेत की तुम्हाला! लग्न जुळवणारे बारशाला पुन्हा पाकीट मागतात का?

एजंट_पण_माणूसच :
ताई, आमच्याकडे मागतात. 😀

वाचनमात्र :
चहा संपला, दुसरा टाकलाय.

डलासची_सून :
इथे अमेरिकेत हा प्रकार सर्रास आहे, म्हणून लिहिते. दोन तऱ्हा असतात. एकात भाडेकरूला विकत घेण्याचा फक्त पर्याय असतो. नाही घेतलं तर आगाऊ दिलेली रक्कम जाते, बाकी मोकळा. दुसऱ्यात मुदत संपली की घेणं बंधनकारक, नाही घेतलं तर करारभंग. दोन्हींचे कागद दिसायला सारखेच आणि लोक न वाचता सह्या करतात. तुमच्या मालकांचा प्रस्ताव पहिल्या तऱ्हेचा दिसतोय, पण "खरेदी करायची" की "करता येईल", यातलं क्रियापद नीट बघा.

आकडेमोड यांनी वर जे दाखवलं तेच इथे बँकाही बघतात. फॅनी मे ही बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था, तिच्या नियमात भाड्यातली जमा डाउन पेमेंटसाठी धरतात, पण बाजारभावाच्या भाड्यावर जेवढं जास्त दिलंय तेवढीच, आणि बाजारभाव किती ते मूल्यांकन करणारा ठरवतो. म्हणजे तुमचे १७ हजार नव्हे, १० हजारच.

कमिशनचं म्हणाल तर इथेही तोच वाद. भाड्याचं वेगळं, विक्रीचं वेगळं, आणि विक्रीचं कधी द्यायचं, यावर भांडणं. पूर्वी घर विकणाराच दोन्ही एजंटांचे पैसे द्यायचा, मिळून पाच-सहा टक्के. त्यावर खटले झाले. २०२४ मध्ये रिअल्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या एजंटला घर दाखवण्याआधीच लेखी करार करावा लागतो, आणि त्यात तो किती घेणार ते लिहावं लागतं. त्यामुळे कमिशन फार उतरलं असं माझ्या आसपास तरी दिसत नाही. पण "नंतर बघू" हे बंद झालं, तेवढं चांगलं.

मुळशीकर_मोहन :
पाच-सहा टक्के!! आमचा एजंट हे वाचणार नाही याची कृपया काळजी घ्या.

चाळकरी :
यात नवीन काही नाही बरं का. सिडकोने नवी मुंबईत सुरुवातीला घरं दिली ती हायर परचेसवर. हप्ते फेडत राहायचं आणि फिटले की घर नावावर. आमच्या काकांनी तसंच घेतलं. फरक एवढाच की समोर सरकारी महामंडळ होतं, ते म्हातारं होत नाही आणि त्याला वारस नसतात. इथे समोर माणूस आहे. आणि पागडीवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील, आम्ही तीन पिढ्या भाडेकरू आणि मालकाहून जास्त मालक. असो, अवांतर झालं.

कावेरी_ना :
चाळकरी यांनी वारसांचा विषय काढला म्हणून. आमच्या शेजारच्या जोडप्याने घरमालक आजींशी तोंडी ठरवलं होतं, "तुम्हालाच देणार." चार वर्षं त्या बोलावर राहिले, स्वतःच्या पैशाने किचन ट्रॉली, ग्रिल, सगळं केलं. आजी गेल्या. तीन मुलं, एक नाशिकला, एक परदेशात, आणि मुलगी जिचं भावांशी पटत नाही. धाकटा म्हणाला आई काय बोलली आम्हाला माहीत नाही. सोसायटीत नॉमिनेशन थोरल्याचं, त्याला वाटलं घर त्याचंच झालं. तसं नसतं, नॉमिनी म्हणजे फक्त विश्वस्त, पण हे त्याला पटेपर्यंत या दोघांच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली. ट्रॉली तिथेच राहिली.

मालक वयस्कर म्हणताय. मुलाला या बोलण्यात घ्या, आत्ताच.

कागदी_घोडा :
कावेरी_ना यांच्याशी सहमत. लेखी करार वारसांवरही बंधनकारक असतो, पण तो सिद्ध करायला कोर्टात जाण्यापेक्षा मुलांच्या संमतीच्या सह्या आत्ता घेणं कितीतरी स्वस्त.

शून्य_व्याज :
बँकेत गृहकर्ज विभागात आहे. तीन गोष्टी, ज्या वर आल्या नाहीत.

पहिली. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के. ८२ लाखांवर जास्तीत जास्त ६५ लाख ६० हजार, तेही आमच्या व्हॅल्युअरने किंमत तेवढी धरली तर. त्याने ७८ धरली तर कर्ज ६२ लाख ४० हजार, वरचे तुमचे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी कर्जात येत नाही. ८२ च धरून चालू : मार्जिन (तुम्ही स्वतः घालायची रक्कम) १६ लाख ४०, त्यातून ३ लाख आणि ४ लाख ८ हजार वजा केले तरी ९ लाख ३२ हजार उरतात. अधिक स्टॅम्प-नोंदणीचे ६ लाख ४ हजार. थोडक्यात सव्वापंधरा लाखांच्या वर रोकड, आणि हे ३४ हजार भाडं भरता भरता साठवायचे. दहा हजार जास्त भाडं भरल्यावर साठवणार कशातून?

दुसरी. तुमच्या बँक स्टेटमेंटमध्ये ३४ हजार "रेंट" म्हणून जातील आणि दोन वर्षांनी तुम्ही आम्हाला सांगाल की यातले १७ मार्जिन होते. मी तरी ते मान्य करणार नाही. १७ आणि १७ असे दोन वेगळे ट्रान्सफर हवेत, दुसऱ्याची "किमतीपोटी" अशी पावती हवी, आणि तसा उल्लेख साठेखतात हवा.

तिसरी, आणि हे कुणीच बोलत नाही. पिंपळपार, तुम्ही नोकरीत एचआरए (घरभाड्यावरची करसवलत) घेता का? पूर्ण ३४ हजारांवर एचआरए घेतलात आणि नंतर म्हणालात की निम्मी घराची किंमत होती, तर दोन्हीपैकी एक खोटं ठरतं. शिवाय ५० लाख किंवा त्यावरच्या खरेदीत विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापायचा असतो, हप्त्याहप्त्याने दिले तरी. म्हणजे दर महिन्याला १७० रुपये कापा आणि फॉर्म भरा.

वाचनमात्र :
१७० रुपयांसाठी दर महिन्याला फॉर्म. सीए त्याचे ५०० घेईल.

पिंपळपार :
सगळ्यांचे खूप आभार. हो, एचआरए घेतो. ही बाजू डोक्यातच आली नव्हती. एजंटने लिहून काही घेतलेलं नाही, व्हॉट्सअॅपवर फक्त लोकेशन आणि अंगठे आहेत. आणखी एक, ते ३ लाख रोख द्या असं एजंट सुचवत होता, मालक नाही.

शून्य_व्याज :
अजिबात नाही! स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. मालकांना हे सांगा, ते स्वतःच चेक मागतील.

एजंट_पण_माणूसच :
अशांमुळेच आमची जात बदनाम. आणि जीएसटी मागतोय तर त्याच्याकडे नंबर आहे का विचारा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच लागत नाही. मग २९ हजार ५२० रुपये कसले घेतो? नंबर आणि बिल दोन्ही मागा.

ओसरी :
तो महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नोंदणीकृत एजंट आहे का, हेही बघा. २०२३ पासून एजंटांना परीक्षाही द्यावी लागते ना?

एजंट_पण_माणूसच :
दिली, पास झालो. 😀 पण ती सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्यांना. जुन्या बिल्डिंगचं रिसेल आणि भाडं यांना ती लागू नाही. म्हणून तर या बाजूला कुणीही उठतो आणि एजंट होतो.

एसआयपी_भक्त :
मी पहिल्या पानावरच सांगितलं होतं.

पिंपळपार :
अपडेट. मालक आणि त्यांचा मुलगा, दोघांशी व्हिडिओ कॉलवर सविस्तर बोललो. मुलगा समंजस आहे. साठेखत नोंदवायला तयार, पण किंमत ८२ वरून खाली येणार नाही, आणि स्टॅम्प ड्युटी आत्ता भरायला मी तयार नाही. त्यामुळे तो विषय मिटला, कुणाचाही राग न येता. आता साधं लिव्ह अँड लायसन्स, २४ महिने, साडेपंचवीस हजार. दरम्यान ते फ्लॅट विक्रीला काढणार. दुसरी ऑफर आली तर आधी मला विचारतील, असं म्हणालेत. मी बाजूला दरमहा साडेआठ हजारांची आवर्ती ठेव सुरू केली आहे, ते ३४ हजार भरतोय असं समजून.

एजंटला सांगितलं, घेतलंच तर एक टक्का, खरेदीच्या दिवशी, बिल देऊन. "बघू" म्हणाला. सध्या तो गिऱ्हाईकं घेऊन येतो, बहुतेक रविवारी सकाळी. आम्ही पोहे खात असतो आणि अनोळखी लोक आमच्या बाथरूमचे नळ सोडून प्रेशर बघतात.

तिसरा_मजला :
त्यांना खालच्या काकूंबद्दल सांगा, परत येणार नाहीत.

कागदी_घोडा :
पिंपळपार, एक घाईचं. लायसन्सचा करार नवीन मालकावर आपोआप बंधनकारक नसतो. मालकांनी उद्या फ्लॅट विकला, तर २४ महिन्यांचा कागद दाखवून तुम्हाला राहता येईलच असं नाही. करारात लिहून घ्या की विक्री झालीच तर किमान तीन महिन्यांची नोटीस, ती नसेल तर ठरावीक भरपाई, आणि डिपॉझिट ताबा सोडताना त्याच क्षणी परत. "आधी तुम्हाला विचारू" हेही लेखी घ्या, निदान ईमेलवर. घर दाखवायच्या वेळाही त्यातच टाका.

पिंपळपार :
काका, हे सोन्यासारखं. मसुदा आजच दुरुस्त करून घेतो. रविवारी अकराच्या आधी नाही, हे कलम मी स्वतः लिहिणार.

मुळशीकर_मोहन :
तो ७६ लाखांचा इंडेक्स टू कसा काढलात? मला आमच्या बिल्डिंगचा बघायचाय.

पिंपळपार :
नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, मोफत. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकायचा. गाव म्हणजे महसुली गाव, आपण परिसराला म्हणतो ते नाव नाही. बिल्डिंग कुठल्या सर्व्हे नंबरवर आहे ते कुणाच्याही जुन्या करारात मिळेल. निकाल ढीगभर येतात, त्यातून फ्लॅट नंबर आणि क्षेत्रफळ बघून आपला शोधायचा. रात्री उशिरा किंवा पहाटे करा, दिवसा साइट फार रेंगाळते.

मुळशीकर_मोहन :
मिळाला! आमच्या वरच्याने ९१ ला विकला म्हणून सांगितलं होतं. ८३ आहे.